आठव्या शिखराची पैज

३ जून

प्रिय चिऊ,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनच करणार होतो. पण तुझ्या घरात फोनवर बोललेलं प्रत्येक वाक्य आईला पलंगावरून ऐकू जातं, आणि जे ऐकू जात नाही ते ती ओळखते. म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं याबद्दल वाद नाही. पण पुढे काय? तिचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, तुझं दुसऱ्या, आणि लिफ्ट दोन्हीकडे नाही. मी इथे एक ज्येष्ठ निवास पाहून ठेवलाय. सगळं तळमजल्यावर, बाग आहे, वाचनालय आहे, भिंतींना धरायला दांडे आहेत. एक खोली त्यांनी महिनाअखेरपर्यंत माझ्यासाठी अडवून ठेवली आहे. आईला इतक्यात सांगू नकोस. योग्य वेळ बघून मी सांगेन.

सोबत एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात जगातले बारा उत्तम चित्रपट घातलेत. मी आयुष्यभर चित्रपट शिकवला, आणि माझ्याच आईने दुपारी पडल्या पडल्या वाटेल ते बघावं हे काही बरं नाही. क्रमानेच दाखव. पहिला खिडकीजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्याचा आहे. जरा संथ आहे, पण शेवटी माणूस हलतो.

तुझा,
दादा


११ जून

दादा,

पत्र मिळालं. एका आजोबांच्या फ्रेमचा स्क्रू पिळत होते तेवढ्यात पोस्टमन आला. हल्ली पत्र कुणाला येतं? आजोबांना वाटलं मला कोर्टाची नोटीस आली. फार मायेने बोलले माझ्याशी.

तुझा खिडकीवाला चित्रपट लावला. आईने बराच वेळ निमूटपणे पाहिला. मग म्हणाली, "हा माणूस खिडकीतून बाहेर बघतोय. मीही किती दिवस तेच करतेय. माझ्या खिडकीत निदान कावळा येतो." शेवटी कोण हलतं ते कळलं नाही, कारण शेवटापर्यंत आम्ही पोचलोच नाही.

पण दादा, खरी अडचण चित्रपटाची नाही. आई उठतच नव्हती. फिजिओबाई रोज येतात. आवाज खणखणीत, माणूस सोन्यासारखं. आई त्यांना एकच शब्द सांगायची, "उद्या." आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. जिने ऑपरेशनच्या टेबलावरच्या हजारो माणसांना दीर्घ श्वास घ्यायला लावलं, ती स्वतः कुणाचं म्हणून ऐकेना. हाड जुळलं होतं, पण आतलं काहीतरी निखळलं होतं. मला फार भीती वाटली. तुला कळवलं नाही, कारण तू लगेच गाडी घेऊन आला असतास आणि तिला उचलून नेलं असतंस.

आता गंमत ऐक. मागच्या आठवड्यात मी दुकानात असताना तिच्या हातून टीव्हीचा रिमोट निसटून पलंगाखाली गेला. वाकता येईना, चॅनेल बदलता येईना. मी घरी आले तर आई उशी पाठीशी घेऊन ताठ बसलेली. मी काही बोलणार तर हात वर करून म्हणाली, "थांब. रोपवेचा दोर तुटलाय."

चित्रपटाचं नाव 'आठवं शिखर'. तो 'सात शिखरांचा शाप'चा दुसरा भाग. दुसऱ्या दिवशी तिने मला त्याची प्रत मिळवायला लावली. आता रोज दुपारी जेवण झालं की 'आठवं शिखर'. तू रागावू नकोस. निदान ती बसते तरी.

मी फक्त येता-जाता बघते.

चिऊ


१७ जून

प्रिय चिऊ,

मी कपाळाला हात लावला.

'सात शिखरांचा शाप' हा मी दरवर्षी वर्गात शिकवतो. धुकं, शांतता, आणि शेवटी बर्फात नाहीसा होणारा गिर्यारोहक. त्याचा दुसरा भाग काढणं हाच मुळात गुन्हा. नावातच सात शिखरं आहेत, मग हे आठवं आलं कुठून? मेलेला नायक बर्फातून बाहेर पडतो तो थेट मिशी वाढवून. दोर तुटलेला रोपवेचा डबा दरीवरून तरंगत जाऊन मालगाडीच्या टपावर बसतो, आणि त्या गाडीत बँडवाले आहेत, ते वाजवायचे थांबत नाहीत. लोखंडी पायाच्या कर्नलची पाळलेली घार किल्ल्या पळवते. बरं, तो कर्नल तर बलूनमधून हिमनदीत पडून अर्ध्यातच मरतो, आणि त्यानंतर चित्रपटाला काही कणाच उरत नाही. चित्रपट आला तेव्हा मी परीक्षण लिहिलं होतं. 'डोकं बाहेर ठेवून आत जावं असा चित्रपट, पण परत आल्यावर डोकं जागेवर सापडेल याची खात्री नाही.' लोकांना ते वाक्य फार आवडलं होतं.

असा चित्रपट आई रोज बघते? तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा? चिऊ, हे साधं लक्षण नाही. माझे एक मित्र स्मरणशक्तीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोललो. मोठ्या ऑपरेशननंतर या वयात कधी कधी डोक्यावर परिणाम होतो म्हणे. त्यांनी काही सोपे प्रश्न दिलेत. सोबत पाठवतोय. सहज गप्पा मारल्यासारखे विचार, तिला संशय येता कामा नये. उत्तरं मला कळव. खोलीचं काय ते त्यावर ठरवू.

तुझा,
दादा


२४ जून

दादा,

संशय येता कामा नये म्हणे. ती भूलतज्ज्ञ होती. शुद्धीवर आलेल्या माणसाला तुझं नाव काय, आज वार कोणता, हे विचारण्यातच तिचा जन्म गेला.

मी चहा करून आणला आणि म्हटलं, "आई, आज वार कोणता गं?" ती म्हणाली, "मंगळवार. पुढचा प्रश्न." मी कपात चमचा ढवळू लागले. ती म्हणाली, "शंभरातून सात वजा करत जायचे ना? बस." आणि ती पार दोनपर्यंत गेली. मग म्हणाली, "आता तू तेरा तेरा वजा करत जा." मी एकसष्टपर्यंत पोचले आणि अडकले. आईने माझा हात हातात घेऊन नाडी बघितली आणि विचारलं, "जेवतेस ना वेळेवर?"

मग तिने तुझं पत्र मागितलं. मी आढेवेढे घेतले, पण तुला माहीत आहे, ती नुसती बघत राहते. दिलं. तुझी दोन्ही पत्रं दिली. त्यामुळे ज्येष्ठ निवासाचं तिला कळलंय. ती चिडली नाही, आणि मला तेच जास्त भीतीदायक वाटलं. दुसरं पत्र वाचताना मात्र एका ठिकाणी थांबली, गालातल्या गालात हसली. कशाला हसतेस विचारलं तर ताकास तूर लागू दिला नाही.

तिची तब्येत बरी आहे. हॉलपर्यंत येते. व्यायाम दुपारी मी दुकानात असताना होतात, त्यामुळे किती काय करते ते मला नीट माहीत नाही. फिजिओबाईंना विचारलं तर त्या "चाललंय" म्हणतात.

याच पाकिटात तिचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही. म्हणजे तिने वाचून दाखवलं.

चिऊ


२४ जून

चि. दादास अनेक आशीर्वाद.

माझ्या डोक्याची काळजी केल्याबद्दल आभार. ते जागेवर आहे. तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं चिऊने कळवली असतील, आता चित्रपटाच्या प्रश्नांची मी देते.

आठवं शिखर आलं कुठून? उगवलं. पर्वत उगवतात. भूगोलात तुला किती मार्क होते ते मला आठवतं, हवं तर तेही स्मरणशक्तीच्या परीक्षेत धर.

मेलेला नायक परत कसा आला? बाळा, सगळ्यांनी आशा सोडलेली माणसं परत आलेली मी पाहिली आहेत. टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर. फरक इतकाच की तेव्हा संगीत वाजत नाही. मला नेहमी वाटायचं, वाजायला हवं होतं.

माझं काम असं होतं की काही घडलं नाही तर दिवस चांगला गेला म्हणायचं. आकड्यांकडे डोळे लावून बसायचं आणि काही घडू द्यायचं नाही. पेशंट शुद्धीवर आला की सर्जनचे आभार मानायचा, माझा चेहरा तर त्याने झोपेतच सोडलेला. मला त्याचं दुःख नाही. पण अशा बाईला म्हातारपणी, पाय उशीवर ठेवून, दरीवरून उडणारा रोपवे बघावासा वाटला तर तिची नाडी तपासायला माणसं पाठवू नयेत.

तुझा पहिला भागही मी मागवून पाहिला. चांगला आहे. सगळेच चांगला म्हणतात म्हणजे असणारच. पण त्यात प्रत्येक जण आपलं काही चुकू नये म्हणून जपून पाऊल टाकतो. दुसऱ्या भागात सगळ्यांनी मिळून लाज सोडली आहे. बँडवाल्यांचे चेहरे नीट बघ. गाडीच्या टपावर डबा आदळतो आणि त्यांच्यातला ढोलवाला हसतो. ते हसू कुणी शिकवलेलं नाही. इतक्या आनंदाने लाज सोडलेली माणसं मी फार थोडी पाहिली, आणि जी पाहिली ती भुलीच्या अंमलाखाली होती.

मध्यंतरानंतरच्या भागाबद्दल मी काही लिहीत नाही. तू पाहिलाच आहेस.

आता पैज. पुढच्या शनिवारी ये. माझ्याशेजारी बसून 'आठवं शिखर' पूर्ण बघ. पाठ खुर्चीला टेकून शेवटपर्यंत बसलास, एकदाही पुढे झुकला नाहीस, तर मी तुझ्या त्या दांड्यांच्या घरात मुकाट्याने येईन. झुकलास तर मी माझ्या घरी परत जाईन आणि पुन्हा हा विषय निघणार नाही. पंच चिऊ.

आई


२९ जून

प्रिय आई,

पैज मान्य. खोलीची मुदत मी आठवडाभर वाढवून घेतली आहे.

मी हे जिंकण्यासाठी करत नाही. तू पडलीस तेव्हा शेजाऱ्यांना कळायला किती वेळ लागला ते मला माहीत आहे, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. जिने चढता न येणारी आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते या विचाराने झोप लागत नाही. चित्रपट काय, तो एक बहाणा.

तरीही सांगतो, मी अत्यंत वाईट चित्रपट अत्यंत ताठ बसून पाहिलेले आहेत. तो माझा व्यवसाय आहे. चिऊला म्हणावं, सरळ पाठीची खुर्ची काढून ठेव.

तुझा,
दादा


७ जुलै

प्रिय वहिनी,

दादा घरी पोचला असेल. तो तुला काय सांगेल ते मला माहीत नाही, म्हणून मीच लिहिते. मी पंच होते, त्यामुळे माझंच खरं धर.

दादा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला बसल्यासारखा. खुर्चीत बसला, हात मांडीवर, नजर समोर. मी बाजूला स्टुलावर, पडद्याकडे कमी आणि त्याच्या पाठीकडे जास्त बघत होते. रोपवे तुटला, तो हलला नाही. डबा गाडीवर बसला, बँड वाजला, तो हलला नाही. फक्त ढोलवाला हसला तेव्हा त्याने खोकल्यासारखं केलं. आई ढुंकूनही बघत नव्हती. कर्नल हिमनदीत पडला, मध्यंतर झालं, दादा माझ्याकडे बघून विजयी हसला.

मध्यंतरानंतर बर्फाचा किल्ला दिसतो. दार उघडतं आणि कर्नल बाहेर येतो. तर दादा म्हणाला, "हा मेला होता ना?"

आईने पडद्यावरची नजर न हलवता म्हटलं, "मध्यंतरात तू घरी गेला होतास ना रे? बाकीचे लोक थांबले होते."

वहिनी, ज्या चित्रपटावर याने परीक्षण छापलं, ज्याचं वाक्य लोक अजून म्हणून दाखवतात, तो याने अर्धाच पाहिलेला. आईला त्याच्या पत्रावरूनच कळलं होतं. कर्नल मेला असं त्याने लिहिलं तिथेच ती हसली होती. दादा कानापर्यंत लाल झाला, पण पाठ टेकलेलीच ठेवली. मानलं मी त्याला.

मग तो प्रसंग आला. कर्नल एक भलामोठा जिना उतरतो. बाकी काही घडत नाही. लोखंडी पाय आधी खाली, मग चांगला पाय शेजारी, पुन्हा लोखंडी पाय. मागे असं संगीत की जणू राज्याभिषेक चाललाय. थिएटरात लोक या प्रसंगाला हसले होते म्हणे. मीही पहिल्यांदा हसले होते.

आईने रिमोट उचलला, आवाज वाढवला, काठी घेतली आणि उठली. "मला जरा काम आहे," म्हणाली. आम्हाला वाटलं बाथरूमला गेली. थोड्या वेळाने बाहेरून ठक असा आवाज आला. मग पुन्हा ठक. संगीताच्या तालावर. आणि माझ्या लक्षात आलं की घराचं दार उघडं आहे.

दादा खुर्चीतून असा उठला की खुर्ची उलटी झाली. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. आम्ही जिन्यात पोचलो तर आई वळणावरून खाली चाललेली. दुखरा पाय आधी, मग चांगला. एक हात कठड्यावर. मान ताठ. दादा ओरडला, "आई, थांब." ती मागे न बघता म्हणाली, "कर्नल थांबतो का?"

धावत जाऊन धरावं तर तिचा तोल जाईल, न धरावं तर जीव राहत नाही. दादा कठड्यावरून इतका वाकला की मी त्याची कॉलर धरून ठेवली. खालच्या वळणावर फिजिओबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांची सुट्टी होती, आईने मुद्दाम बोलावलेलं. तीन आठवडे या दोघी मी दुकानात गेले की रोज दुपारी तो प्रसंग लावून जिन्यात सराव करत होत्या. मला पत्ता नाही.

आई तळाला पोचली. वळून वर बघितलं. दम लागलेला, कपाळ घामाने भिजलेलं, आणि डोळे असे चमकत होते की काय सांगू. म्हणाली, "पंचांनी नोंद घ्यावी. झुकलाय."

आवाज ऐकून तळमजल्यावरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, पण मनापासून वाजवल्या.

दादा म्हणाला, "हे चित्रपटासाठी नव्हतं." आई म्हणाली, "जिना चित्रपटातलाच आहे." मग तो खाली गेला आणि तिच्याशेजारी शेवटच्या पायरीवर बसला. तिची काठी त्याने आपल्या मांडीवर घेतली. मी वरच थांबले.

शेवटी दादाच म्हणाला, "वर जाऊ या का? ती घार किल्ल्या कुणाला नेऊन देते ते बघायचं राहिलंय."

मी तिथेच निकाल दिला. झुकणं बाजूला राहू दे, ज्याला घारीची काळजी लागली तो माणूस हरला. आई चढूनही आली, न थांबता नाही, पण आली.

तुझी,
चिऊ


१३ जुलै

प्रिय चिऊ,

तू लिहिलंस ते बरं झालं. इकडची आवृत्ती अशी की आईंचं मन मोडू नये म्हणून हे मोठ्या मनाने हरले. खुर्ची उलटण्याचा उल्लेख त्यात नाही. मध्यंतराचा तर नाहीच नाही.

पण त्या निवासाला यांनी आल्या आल्या स्वतः फोन करून खोली सोडली. "आमच्या आईला जिने लागतात," असं सांगत होते. पलीकडच्या बाईंना काही कळलं नसणार.

आणखी एक. काल माळ्यावरून पेटी काढायला हे शिडी लावून चढले होते. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे उतरत होते. एक पाय खाली, मग दुसरा शेजारी. मान ताठ. तोंडाने संगीत चालू. मी मागे उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तशीच परत आत गेले. नवऱ्याच्या आनंदात कधी आणि किती पाऊल टाकावं हे बाईला कळायला हवं.

आईंना माझा नमस्कार सांग. आणि ती प्रत इकडे पाठव. हे विचारणार नाहीत, पण वाट बघतायत.

तुझी,
वहिनी


२ ऑगस्ट

चि. दादास अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. पैज तांत्रिकदृष्ट्या अनिर्णित आहे, कारण तू पडद्याकडे नाही तर जिन्याकडे झुकलास, हा तुझा मुद्दा मी पंचांकडे पाठवला. पंच दुकानात आहेत आणि त्यांना वेळ नाही.

मी माझ्या घरी आले आहे. चिऊ आणि फिजिओबाई पोचवायला आल्या होत्या. प्रत्येक मजल्यावर थांबले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांनी खुर्ची आणून ठेवली होती, त्यात बसून पाणी प्यायले. कडी उघडली तेव्हा आत धूळ आणि कोंदट वास, आणि मला ते इतकं आवडलं की लगेच खिडक्याही उघडाव्याशा वाटल्या नाहीत. तुझ्या समाधानासाठी बाथरूममध्ये दांडा बसवून घेतलाय, आणि गळ्यात एक घंटीचं बटण घालते. दाबलं की खालच्या घरात वाजतं. रोज सकाळी एकदा वाजवून दाखवते. ते वैतागलेत, म्हणजे चालू आहे.

तू विचारलंस की मी तुला खरंच त्या चित्रपटासाठी बोलावलं होतं का. चित्रपट मला आवडतोच, त्यात खोट नाही. पण तू मला इतकी वर्षं चित्रपट पाठवत आलास, नावं लिहून, क्रम लावून. माझ्याशेजारी बसून पूर्ण पाहिलेला हा तुझा पहिला. म्हणून म्हटलं, पैज लावावी. साधं ये म्हटलं असतं तर तू दांडे घेऊन आला असतास.

आता तुझ्या शेवटच्या शंकेबद्दल. तू ताठ बसून राहिला असतास तर मी शब्दाला जागून त्या निवासात गेले असते का? बाळा, नोकरीत असताना मी रोज सकाळी, हातात सुई घेऊन, अनोळखी माणसांच्या डोळ्यांत बघून सांगायचे, अजिबात दुखणार नाही.

आई